पटक्यातला देव आणि छातीचा फोटो

मास्तर, तुम्ही आम्हाला सांगितलं होतं की जौहर फुटत नाही. तो फुटला. आपल्या उर्दू पुस्तकात अणूला जौहर म्हणत आणि त्या शब्दाखाली तुम्ही खडूनं अशी रेघ ओढायचा की खडूच मोडायचा. "इसके आगे कुछ नहीं, बच्चो. इथं दुनिया संपली." नव्हती संपली. जपानात दोन शहरं गेली त्या फुटण्यानं. अणदूरच्या मोटारस्टँडवर कुणाच्या तरी हातातल्या शिळ्या पेपरात मी ते वाचलं, आणि खरं सांगतो, आधी ती माणसं मनात आली नाहीत. आधी आलं ते हे, की मास्तर चुकले. मग आलं की आता हे सांगायचं कुणाला? तुम्हाला जाऊन वर्षं झाली. धाराशिवच्या शाळेत तुमच्या टेबलाशी आता दुसराच कुणी बसतो म्हणतात, आणि तो म्हणे कपाटाची किल्ली खिशात घेऊनच फिरतो, भिंगाला कुणाला हात लावू देत नाही. म्हणजे चूक दुरुस्त करायलाही तुम्ही नाहीत. याचाच मला राग येतो. पुष्कळ गोष्टींचा येतो, पण तुमच्यापासून सुरुवात करतो.

जग लई पुढं गेलंय, मास्तर. बुरशीपासून औषध काढलंय, चिघळलेली जखम त्यानं भरते म्हणे. रक्ताच्या थेंबावरून, थुंकीच्या ठिपक्यावरून माणसाचं दुखणं ओळखतात. मान्य. पण हे सगळं आपल्या निजामी मुलखात येतं कसं ते बघा. आधी पेपर येतो, तोही शिळा. मग रॉकेलची रांग येते. मग बॉम्बची गोष्ट येते, ती तर मोटार ड्रायव्हरही सांगतो, हातवारे करून. औषध मात्र तिकडंच राहतं, इंग्रजाच्या हद्दीत, करोडगिरीच्या, जकातीच्या, नाक्यापलीकडं. नाक्यावरचा शिपाई आमच्या टोपल्या उलथ्यापालथ्या करून काय शोधतो देव जाणे. आम्ही तिकडून शहाणपण लपवून आणू अशी सरकारला भीती असावी.

तुमचा तो तास मला अजून दिसतो. खिडक्यांना जमखाने बांधलेत, वर्ग अंधारा आहे, टेबलावर कंदील, आणि तुमचंच धुतलेलं धोतर पडदा म्हणून ताणलंय. तुम्ही कंदिलासमोर हात धरता. धोतरावर पंजा उमटतो. "आता समजा असा एक उजेड आहे, त्याला कातडी अडत नाही, मांस अडत नाही. फक्त हाड अडतं. धातू तर अडतोच अडतो. मग काय दिसंल?" कुणी म्हणालं भूत. तुम्ही हसलात, आणि हसता हसता खोकला आला, तो थांबेचना. मी पुढच्या बाकावर. मला नीट बघायचं होतं आणि मध्ये लोखंडी स्टँडची सावली येत होती, म्हणून मी उठलो आणि ओढलं ते स्टँड. त्यावरची काचेची नळी खाली पडून फुटली. आपल्या शाळेतली तेवढीच होती. मला वाटलं आता छडी. तुम्ही तोंडावर रुमाल धरून, डोळ्यांत खोकल्याचं पाणी, एवढंच म्हणालात, "कायकू इतना गरम होता रे तू? सावली काढायला चीज तोडते क्या? जरा सरकव. नाहीतर तू सरक."

तास सुटल्यावर मी तुम्हाला गाठलं होतं. म्हटलं, मास्तर, सोलापूरला ते यंत्र आहे म्हणता ना, मग तुमच्याच छातीचा फोटो का काढत न्हाई? तुम्ही काचा गोळा करत होता. म्हणालात, "सुट्टीत जाऊ." सुट्टी आली आणि गेली. हकीमसाहेबांचं सरबत चाललं होतं, कुणी दमा म्हणत होतं, कुणी जागरण म्हणत होतं. पुढच्या सुट्टीच्या आधीच तुम्ही गेलात. मला सांगा, ज्या माणसानं पोरांना किरण शिकवले त्यानं मोटारीत बसून सोलापूरला का जाऊ नये? कशाची वाट बघत होता? तुम्ही गेलात त्या दिवशी दिवसभर तुमच्या अंगणात उभा राहून मी हेच विचारत होतो, तुमच्या भावाला, शेजाऱ्याला. शेवटी कुणीतरी मला धरून घरी नेलं.

माझं म्हणाल तर मी हैदराबादचं कॉलेज अर्ध्यात टाकलं. तिथल्या तबीयातच्या, म्हणजे पदार्थविज्ञानाच्या, प्रोफेसराला मी विचारलं की जौहर फुटला, मग पुस्तकातला हा धडा आता कसा वाचायचा? ते म्हणाले, परीक्षेत जौहर फुटलेला नाही. मी पुस्तक त्यांच्या टेबलावर आपटलं. माफी माग म्हणाले, मी मागितली नाही. हे झालं एक कारण. घरी, गावात मी हेच सांगतो. दुसरं कारण अणदूरला कापडाच्या दुकानात गल्ल्यामागं बसायचं.

आता हसू नका. बहिणीच्या लग्नाचं कापड घ्यायला गेलो होतो. दुकान एका लिंगायत व्यापाऱ्याचं, आणि हिशेबाला त्याची मुलगी. घरात आई नाही, म्हणून बापाबरोबर दुकानात. बापाशी कानडीत बोलायची, गिऱ्हाइकाशी मराठीत, आणि मला काय बोलायची ते दोन्हीत. मी एकाच लुगड्याचा पदर इतका वेळ हातात धरून बसलो की ती म्हणाली, "ते लुगडं हाय, पोथी न्हाई. घ्यायचं असलं तर घ्या, न्हाईतर ठिवा की." झालं. कॉलेज परत उघडलं तेव्हा मी हैदराबादला गेलो खरा, पण फळ्यावर प्रोफेसर काय लिहितात ते मला दिसेना. आम्ही शेतकरी, ते लिंगायत, त्यांच्या पंगतीत आमचं पान नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि चीड येत होती.

कॉलेज सोडून आल्यावर मी त्या दुकानात इतका जायला लागलो की तिचे अप्पा मला "अर्धं कालेज" म्हणायला लागले. "या, अर्धं कालेज! आज काय फाडू? वावभर का हातभर?" आणि फाडता फाडता खोकायचे. पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. मग एक दिवस खोकल्यावर त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, अगदी तुमच्यासारखा, आतली बाजू झाकून.  तिनंही तो बघितला होता. अप्पा आत पाणी प्यायला गेले तेव्हा ती मला म्हणाली, "तुमाला दोनच गोष्टी येत्यात, भांडायला आन बघत बसायला. कालेजात आणखी कायतरी शिकला असाल की. माझ्या अप्पाला काय झालंय ते सांगा. एक वैद्य पित्त म्हणतोय, एक उष्णता म्हणतोय, एक म्हणतोय नजर लागली. मला खरं पायजे."

त्या एका वाक्यासाठी मी हिमालय उचलला असता. उचलायचं होतं फक्त अप्पांना, आणि ते हिमालयापेक्षा जड निघाले. "फोटोनं खोकला जातोय व्हय?" मी म्हणालो, जात नाही, कळतो. "मला कळतोय की, रोज खोकतोय मीच." मी म्हणालो, अप्पा, थुंकीही तपासतील, तिला रंग लावून बघतील. तर हा माणूस पोट धरून हसायला लागला. "थुकीला रंग! आरं, रंगाला थुकी लावत्यात, पोरा, उलटं काय सांगतोस?" कारण ते तसंच करायचे. नवा माल आला की बोट थुंकीनं ओलं करून कापडाचा कोपरा चोळायचे, रंग बोटाला लागला की गठ्ठा परत. मी रागानं उठून दारापर्यंत गेलो. आणि मग, मास्तर, तुमचा तो लाल खणाचा तुकडा आठवला, एका तासाला तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, वाटीत तुम्ही बुडवला होता आणि रंग तसाच राहिला होता तो. मी परत येऊन बसलो. म्हटलं, अप्पा, ऐका. काचेवर थुंकी पसरतात, लाल रंग चढवतात. मग तेजाबानं धुतात. बाकी सगळ्याचा रंग उतरतो. क्षयाचा जंतू असला तर त्याचा उतरत नाही. तो पक्क्या रंगाचा असतो. अप्पा हसायचे थांबले. गल्ल्यावरच्या कापडाचा कोपरा त्यांनी उगाच चोळला. "तेजाबानंबी न्हाई?" म्हणाले. "तेजाबानंबी न्हाई." "मग तर इचित्र माल हाय," म्हणाले, आणि मुलीला कानडीत काहीतरी सांगितलं. ती मला म्हणाली, "सोमवारी बाजाराला सोलापूरला जायचंच हाय. तुमीबी चला म्हणत्यात."

तुम्हाला वाटेल आता काम झालं. मलाही वाटलं. मोटारीत मी त्यांना किरण समजावून सांगितले, अगदी तुमच्यासारखे, पंजा उन्हात धरून. सोलापूरचे डॉक्टर घाईचे. एकाच खोलीत ते यंत्र, भिंतीला काळा पडदा, आणि औषधांचा वास. म्हणाले, "सदरा काढा. गळ्यात, अंगावर जे काही असेल ते सगळं काढा." अप्पांनी सदरा काढला. छातीवर चांदीची डबी, दोऱ्यात ओवलेली, आत त्यांचं इष्टलिंग. ती काढायला ते तयार होईनात. जन्मल्या जन्मल्या गुरूनं गळ्यात बांधलेलं, अंघोळीतही न काढलेलं. डॉक्टर म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे." अप्पा म्हणाले, "दोन मिन्टं मी मेलेला असतोय मग. लिंग अंगावरनं गेलं की माणूस गेला." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि वैतागून तसाच फोटो घेतला. "दम धरा." अप्पांनी दम धरला आणि नेमके त्याच वेळी खोकले. पुन्हा धरला.

ओली फिल्म डॉक्टरांनी उजेडापुढं धरली तेव्हा मी बघितलं. फासळ्या, मास्तर! तुम्ही धोतरावर कधी दाखवू शकला नाहीत त्या फासळ्या, एकेक, पांढऱ्या. आणि त्यांच्यावर, खोकल्यानं डबी जिकडं सरकली होती तिकडं, उजव्या बाजूला वर, एक पांढराशुभ्र गोळा, भाकरीच्या उंड्यासारखा, त्याच्यामागं काय आहे ते दिसायची सोय नाही. धातू तर अडतोच अडतो. डॉक्टर म्हणाले, "यात मला फक्त देव दिसतोय. लढाई संपली तरी फिल्म मिळत नाहीत आणि एक वाया गेली. काढणार असाल तर थांबा, नाहीतर मला माणसं आहेत बाहेर." मी अप्पांवर ओरडलो. काय काय ओरडलो ते लिहवत नाही. आयुष्यभर कापड मापलंत, एकदा अक्कल मापा. घरी पोरगी रडतेय आणि तुम्ही डबी धरून बसलाय. मरा मग डबी घेऊन. रांगेतली माणसं बघायला लागली. अप्पांनी सदरा घातला, एकेक गुंडी लावली, आणि मला न विचारता मोटारस्टँडकडं चालायला लागले. त्यांच्या पाठीकडं बघताना मला राग होता तो त्यांचा होता का तुमचा, मला सांगता येत नाही. तेच, अगदी तेच. यंत्र समोर आहे आणि माणूस सुट्टीत जाऊ म्हणतोय.

स्टँडवर ते एका गाठोड्यावर बसले होते, धापा टाकत. मी लांब उभा राहिलो. थंडीचे दिवस, ऊन कलत होतं आणि विजेच्या खांबाची सावली त्यांच्या तोंडावर आलेली. तर ते काय करतात? जरासे सरकले. एवढंच. खांब जागेवर, माणूस सावलीबाहेर. मला तुमचा आवाज अगदी कानाशी आला. कायकू इतना गरम होता रे.

मी त्यांच्याजवळ खाली बसलो. म्हटलं, अप्पा, चुकलो. एक विचारू? इष्टलिंग अंगापासून दूर करायचं न्हाई, हे कळलं. पण ते छातीवरच पायजे असं हाय का? त्यांनी माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच जरा नीट. "बेंबीच्या खाली जायचं न्हाई," म्हणाले. मी म्हटलं, मग हातात धरा. "पूजेला हातात घेतोय की डाव्या. पर पारुशा हातानं न्हाई, आन इथं काय अंघोळ घालतोस मला?"   मग तेच म्हणाले, आठवून आठवून, "माझा आज्जा बाजाराला निघाला की चोराच्या भ्यानं पटक्यात बांधायचा. डोक्यावर. कुणी काय म्हणलं न्हाई त्याला. डोकं तर वरच असतंय." आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघतच राहिलो.

तर डॉक्टरांच्या खोलीत पुन्हा आम्ही, आणि यंत्रापुढं अप्पा, कमरेवर उघडे आणि डोक्यावर भलामोठा पटका, त्याच्या पेचात चांदीची डबी, आणि मान अशी ताठ की जणू फेटा बांधून नवरदेवच निघालाय. डॉक्टरांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि त्यांनाच हसू आवरेना. "बरं, बरं. डोक्याचा फोटो नकोच आहे मला. दम धरा." या वेळी अप्पा खोकले नाहीत.

फोटोत निघालं. आधी डबीनं झाकलं होतं तिथंच, उजव्या बाजूला, वर, गळ्याच्या हाडाखाली एक धुरकट डाग, ढगाच्या पिंजलेल्या कडेसारखा. थुंकीत तो पक्क्या रंगाचा मालही निघाला; डॉक्टरांनी मला काचेतून बघू दिलं, निळ्यात बारीक लाल काड्या. लवकर आलात म्हणाले. पथ्य, विश्रांती आणि लांबच्या एका दवाखान्याला चिठ्ठी. अप्पा गेले तिकडं, बोंबलत गेले, तिथलं जेवण मिळमिळीत म्हणून पत्रं पाठवली. फुफ्फुसाला विसावा मिळावा म्हणून त्यांच्या छातीत सुईनं हवा भरायचे, तर घरी येऊन सगळ्यांना सांगतात, "सायकलीसारखी हवा भरली मला." पण आले. अंगानं भरून आले. पुन्हा थुंकी लावून कापड बघायला लागले. मुलगी म्हणाली, आता तरी थुंकी लावू नका, तर पाण्याची वाटी ठेवली.

आणि आल्यावर पहिलं काम काय केलं? मुलीचं लग्न ठरवलं. अक्कलकोटकडचे त्यांच्यातलेच लोक, कापडाचेच व्यापारी. मला दुकानात बोलावून म्हणाले, "अर्धं कालेज, तुझ्यामुळं मी हाय. माग काय मागायचं ते." मी तापट आहे, तुम्हाला ठाऊक आहे. मी सरळ म्हणालो, मुलगी.   रागावले असते तर बरं झालं असतं. खाली बघून म्हणाले, "ते सोडून." आणि उठून कोटाचं कापड फाडलं, चांगलं, काळं, जाड. "हे घे. कालेजात घालायला." मी कापड घेतलं, कारण ती गल्ल्यामागून बघत होती. बाहेर निघताना ती हळूच म्हणाली, "अप्पाला तुमी वाचवलाव. आता त्याच अप्पाचं ऐकणार न्हाई, असं मी कुठल्या तोंडानं सांगू?" मी घरी येऊन कापड पेटीत आपटलं. वाटलं, अप्पा वाचले आणि माझं मोडलं; बरं होतं तुमचं. तुम्ही गेलात, कुणाचं काही मोडलं नाही. मग याच विचाराची लाज वाटली आणि पुन्हा तुमचाच राग आला. कारण तुम्ही गेलात तेव्हा माझं मोडलं होतं.

हे पत्र कुठं टाकणार? तुमचा पत्ता धाराशिवच्या स्मशानातल्या त्या लिंबाखालचा, तिथं टपाल जात नाही. म्हणून इथंच एक सांगून टाकतो, ते मी कुणाला सांगितलं नाही, तिला तर नाहीच. दुसरी फिल्म अंधाऱ्या खोलीत धुताना मी डॉक्टरांच्या मागं उभा होतो. लाल दिव्यात आधी काहीच नाही, मग फासळ्या, मग दोन्ही फुफ्फुसं, स्वच्छ, मध्ये काहीसुद्धा नाही, आणि मग तो डाग. मी मोठ्यानं हसलो, डॉक्टर दचकले इतक्या मोठ्यानं. एका माणसाचा क्षय समोर दिसतोय आणि मी हसतोय, कारण तो दिसतोय. त्या वेळी मला ती आठवली नाही, मास्तर. सगळं जिच्यासाठी चाललं होतं, ती नाही. मोटारीत बसलो, नाका गेला, नळदुर्गाचा किल्ला दिसायला लागला तेव्हा कुठं आठवली. अंधाऱ्या खोलीत आठवलं होतं ते तुमचं धोतर.

काल ते कोटाचं कापड पेटीतून काढून शिंप्याकडं टाकलं. छातीचं माप घेताना तो म्हणाला, "दम धरू नका, मालक, कोट चुकंल." मला ठाऊकच नव्हतं, मी दम धरलाय ते.